गाडी उभ्याउभ्या थरथरते? प्लग बदलायच्या आधी कुठला सिलिंडर मिस करतोय ते शोधा

प्रश्न असा आहे की २०१४ ची वॅगन आर, पेट्रोल, ७८ हजार किलोमीटर झालेत, गाडी सांगलीत विश्रामबागला असते, सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की आणि नंतर सिग्नलला एसी लावून उभी राहिली की स्टिअरिंग, सीट सगळं थरथरतं, चालताना मात्र फारसं कळत नाही. एका गॅरेजनं इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी नळी) क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारी पाकळी असते तो भाग) आणि दोन फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं ते) असं मिळून अकरा हजार सांगितलेत, आणि मित्र म्हणतो येडा झालास काय, पाचशे रुपयाचे प्लग टाक आणि विषय संपव. तर कुणाचं ऐकू, आणि प्लग घरी बदलता येतील का.

दादा, अजून तरी दोघांचंही ऐकू नका. गॅरेजवाला पण अंदाजच सांगतोय आणि मित्र पण अंदाजच सांगतोय, फक्त मित्राचा अंदाज स्वस्त आहे. माझं काम साताऱ्यात, पेट्रोल गाड्याच जास्त येतात, आणि थरथर घेऊन आलेल्या बऱ्याच गाड्यांत नवे कोरे प्लग आधीच बसवलेले असतात. म्हणजे प्लग बदलून झालेत, गाडी तशीच आहे, आणि जुने प्लग फेकून दिलेत. हे जुने प्लग फेकतात त्याचा मला लय राग येतो, कारण आत काय चाललंय ते तेच सांगतात. कुठला पार्ट खराब आहे हा प्रश्न नंतरचा, आधी कुठला सिलिंडर नीट जळत नाही ते काढायचं, आणि हे काढायला एक रुपया लागत नाही.

पहिलं म्हणजे थरथर इंजिनची आहे का नुसती गाडीची ते बघा. तुमच्या गाडीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, ९९८ सीसी, आणि तीन सिलिंडर इंजिन मुळातच उभ्याउभ्या थोडं हलतं, ते त्याच्या बनावटीतच आहे, चार सिलिंडरच्या स्विफ्टशी तुलना करू नका. पण हे हलणं एकसारखं असतं. बॉनेट उघडा, न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, एसी बंद, आणि इंजिनकडं बघत थोडा वेळ उभे रहा. एका लयीत हलतंय, मधे कुठं अडखळत नाही, आणि तरी आत बसल्यावर सीट थरथरते, तर फाउंडेशन दबलेलं असण्याची शक्यता जास्त, त्याचं रबर ७०-८० हजाराला बसतंच. पण इंजिन मधूनच एक झटका मारतंय, परत नीट, परत झटका, तर ते मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही, आणि मग फाउंडेशन बदलून काय उपयोग नाही, नव्या फाउंडेशनवर ते तसंच झटके मारत राहणार. सायलेन्सरच्या तोंडापाशी एक कागद धरा, एकसारखा फडफडला तर ठीक, फड-फड-गप-फड असं झालं तर एक सिलिंडर चुकतोय. आणि कागद मधूनच आत ओढल्यासारखा झाला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसेल अशी शंका घ्यायची, मग प्लगबिगचा नाद सोडा, कॉम्प्रेशनच, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो तेच, बघायला लागेल.

आता कधी होतं हे महत्त्वाचं आहे, नुसतं थरथरते एवढं सांगून कुठलाच मिस्त्री बरोबर सांगू शकणार नाही. प्लग झिजतो म्हणजे काय होतं, त्याच्या दोन टोकांमधलं अंतर वाढतं, ज्याला आपण गॅप म्हणतो. गॅप वाढला की ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्ट मागते, आणि सिलिंडरमधला दाब जितका जास्त तितके अजून जास्त व्होल्ट लागतात. म्हणून झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल (प्लगला हे व्होल्ट पुरवते ती) सगळ्यात आधी लोडवर उघडी पडते. पसरणीचा घाट चौथ्या गियरमध्ये चढवायला बघा, नाहीतर खंबाटकीला ट्रकच्या मागं हळू होऊन परत पाय दाबा, गाडी हिसके देत असेल तर इग्निशनवर, म्हणजे प्लग-कॉइलवर, संशय घ्या. तुम्हाला सांगलीत घाट नाही, मग सपाट रस्त्यावर चौथ्या गियरला ४० च्या स्पीडला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, तेच कळतं. याच्या उलट, घाटात एकदम झक्कास ओढते आणि फक्त उभी असतानाच थरथरते, रेस १५०० च्या वर नेली की सगळं गुळगुळीत, तर बाहेरून कुठून तरी हवा घेतेय, नाहीतर थ्रॉटल बॉडीत कार्बन आहे असं धरून चालायचं, कारण उभ्या गाडीत इंजिन हवा घेतं अगदी थोडी, त्यात चिमूटभर जरी जादा हवा शिरली तरी हिशोब बिघडतो, आणि मोठ्या रेसला तेवढ्यानं काही फरक पडत नाही. अर्थात प्लग काजळीनं किंवा ऑइलनं माखला असेल तर तो उभ्या गाडीत पण चुकतो, करंट ठिणगीतून जायच्या ऐवजी त्या काजळीवरनं खाली निघून जातो, म्हणून हा नियम दगडावरची रेघ नाही, पण दिशा कळते.

तुमचं वर्णन वाचून मला दुसरा प्रकार जास्त वाटतोय खरं सांगायचं तर, म्हणजे थ्रॉटल किंवा हवा. पण ७८ हजाराला मूळचेच प्लग असतील तर तेही संपलेत, साधा निकेलचा प्लग ३०-४० हजारापर्यंत चांगला चालतो, पुढं नुसता ओढत असतो. तेव्हा प्लग बदलायचेच आहेत, फक्त त्यानं थरथर जाईलच असं मनात धरून बदलू नका.

स्कॅनर मिळाला तर काम सोपं होतं. आपल्याकडं एप्रिल २०१३ पासूनच्या कारना ओबीडी-२ (इंजिनचा दोष कोडनं सांगणारी सोय) आहे, म्हणजे तुमच्या गाडीला स्टिअरिंगच्या खाली तो सोळा पिनांचा सॉकेट असणार, हजाराच्या आत ब्लूटूथवाला छोटा ॲडॉप्टर मिळतो आणि मोबाईलवर सगळं दिसतं. पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर कधीही चुकतोय, पी०३०१, ०३०२, ०३०३ म्हणजे अनुक्रमे एक, दोन, तीन नंबर. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ आहे, हवा जास्त पेट्रोल कमी. आणि कोड नसेल तरी फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो तो बघा, गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते तो सांगतो, उभ्या गाडीत अधिक ५ पर्यंत असेल तर सोडून द्या, अधिक १५-२० दाखवत असेल आणि रेस २५०० ला धरली की तो खाली येत असेल तर बाहेरून हवा घेतेय, हे जवळपास नक्की. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, चेक लाइट नुसती लागलेली नसून लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तिथं पेटतंय, तो एकदा वितळला की प्लगच्या पाचशे रुपयाचे कैक पट खिशातनं जातात.

स्कॅनर नसला तर जुनी पद्धत. इंजिन बंद करा, एक नंबरच्या कॉइलचा छोटा कनेक्टर काढा, स्टार्ट करा, थोडंसं ऐका, बंद करा, कनेक्टर परत लावा. मग दोन नंबर, मग तीन. जो चांगला सिलिंडर आहे त्याचा कनेक्टर काढल्यावर थरथर एकदम वाढणार, आणि ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडला नाही तोच आधीपासून मेलेला आहे. वेळ लावू नका, कारण तेवढा वेळ त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळता बाहेर जात असतं. चेक लाइट लागेल, घाबरू नका, नंतर पुसता येते. पण एक हात जोडून सांगतो, चालू इंजिनवर कॉइल उपटून किंवा जुन्या ८०० आणि ओम्नीची प्लग वायर काढून हातात धरून ठिणगी बघायची असला प्रकार करू नका, वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात तिथं, घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्या माणसाला बॉनेटच्या आसपास पण येऊ देऊ नका.

समजा दोन नंबर निघाला. आता कॉइल का प्लग का इंजेक्टर? इथं लोक पैसे घालवतात. दोन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावा, एकची दोनला. गाडी चालवा. मिसिंग एक नंबरला गेलं तर कॉइल गेली, एकच कॉइल घ्या, दीड-दोन हजाराच्या आसपास काम झालं. मिसिंग दोनलाच राहिलं तर कॉइल चांगली, आता प्लगची अदलाबदल करा. तरी दोनलाच राहिलं तर राहिला इंजेक्टर, त्याची वायर, नाहीतर कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम फिरवलं की मग काय कळणार, कप्पाळ. आणि कॉइलवर मार्करनं नंबर टाका, तिन्ही एकसारख्या दिसतात.

प्लग काढायचं काम घरी होतं, अवघड काही नाही, पण घाईत करायचं काम नाही. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, संध्याकाळी गाडी लावली तर सकाळी करा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे बरोबर घेऊन बाहेर येऊ शकतो, आणि हेडचे आटे गेले की मग लेथवाल्याकडं, इन्सर्ट बसवा, पाचशेचं काम पाच हजारात. दहा नंबरच्या पान्यानं कॉइलचा बोल्ट काढा, कनेक्टरची लॉक दाबून काढा, वायरला ओढू नका, दहा वर्षाचं प्लॅस्टिक आहे ते, चटकन तुटतं. कॉइल थोडी गोल फिरवून मग वर ओढा. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा वर येतो, तो आधी बाजूला घ्यावा लागेल.

कॉइल निघाली की खाली खोल विहिरीसारखं भोक दिसतं आणि तळाला प्लग. लगेच पाना घालू नका. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ, हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांचा पाला आणि भुसा, सगळं त्या भोकात जाऊन बसलेलं असतं, प्लग सुटला की ते सरळ सिलिंडरमध्ये. म्हणून आधी हवा मारायची. घरी कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालतो, नाहीतर पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर गाडी लावून तिथंच काम करा, पोरगा दहा-वीस रुपयात हवा मारून देतो. डोळे सांभाळा. मग प्लग फक्त एक वेढा ढिला करा, परत हवा मारा, आणि मग पूर्ण काढा. सॉकेट बहुतेक १६ नंबरचा लागतो, काही नव्या गाड्यांना १४, जुन्या गाड्यांना २१ चा मोठा. आत रबर किंवा मॅग्नेट असलेला प्लग सॉकेटच घ्या, साध्या सॉकेटनं प्लग सुटतो पण वर येत नाही, आणि तो तिरका झाला की पोर्सलीनला चीर जाते जी डोळ्याला दिसत पण नाही. प्लग फारच जाम असेल तर जोर करू नका, थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, वाट बघा, थोडं सोडवा थोडं आवळा असं करत करत काढा.

काढलेले प्लग एक-दोन-तीन असे ओळीनं कागदावर ठेवा आणि फोटो काढा. आता बघायचं काय. टोक फिकट तपकिरी, चहाच्या रंगासारखं, तर तो सिलिंडर छान जळतोय. कोरडी काळी काजळी, बोट लावलं की बोट काळं, तर पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी कायम शहरात दोन किलोमीटर जाते आणि बंद होते, प्लग गरम होऊन स्वतःला साफ करायला वेळच मिळत नाही. सांगली-मिरज एवढंच फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास. काळं पण ओलं, चिकट, तर ऑइल वर येतंय, व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टनची रिंग गेलीय. पांढरं, खडूसारखं, फोड आल्यासारखं, तर मिश्रण पातळ आहे किंवा चुकीच्या उष्णतेचा प्लग आहे. पेट्रोलचा वास आणि ओला, बाकी काळा वगैरे नाही, तर ठिणगीच पडत नाही तिथं. तिन्ही प्लग सारखेच काळे असले तर कारण सगळ्यांना सामाईक आहे, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलचं प्रेशर असलं काहीतरी, आणि एकच वेगळा असला तर त्या एकाच सिलिंडरमध्ये शोधायचं. हे एवढं कळण्यासाठी तर नंबरानं ठेवायचे.

टोक सोडून वरचा भाग पण बघा, लोक तिथं बघतच नाहीत. षटकोनी भागाच्या लगेच वर पोर्सलीनला तपकिरी डाग असेल तर तो नॉर्मल आहे, त्याला गॅस लिक समजून घाबरू नका. पण पोर्सलीनवर वरून खाली पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर करंट बाहेरच्या बाहेर उडी मारत होता. अशा वेळी कॉइलच्या खालच्या रबरी बुटाच्या आत पण तसलीच रेघ असते, आणि नुसता प्लग बदलला तर तो बूट नव्या प्लगला परत तीच रेघ पाडतो, महिना-दोन महिन्यात गाडी परत दारात. बूट वेगळा मिळत असेल तर बूट बदला, नाहीतर कॉइल. आणि भोकातच ऑइल साठलेलं दिसलं, प्लगचं खालचं टोक मात्र कोरडं, तर घाबरू नका, ते इंजिनच्या आतलं दुखणं नाही, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय, पॅकिंग सेट बदला, बूट पुसून घ्या किंवा फुगले असतील तर बदला.

नवे प्लग घेताना गाडीच्या मॅन्युअलमधला नंबर घेऊन जा, दुकानदार म्हणाला हा पण बसतो तर बसतो एवढ्यावर घेऊ नका. आट्याची लांबी वेगळी असेल तर लांब प्लग पिस्टनला ठोकू शकतो. उष्णतेचा नंबर, म्हणजे प्लगचं टोक किती गरम राहतं त्याचा, तो पण कंपनीप्रमाणे उलटा असतो, एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम, तेव्हा आकडा जुळवून कंपनी बदलायला जाल तर भलतंच होईल. आयडलच्या (उभ्या गाडीतल्या कमी रेसच्या) त्रासासाठी गरम प्लग टाका असं कुणी सांगितलं तर कान बंद करा. एनजीकेच्या नंबरात आर असतो तो रेझिस्टरचा, तो असलाच पाहिजे, नाहीतर रेडिओत खरखर आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) त्रास. डुप्लिकेट प्लग बाजारात लय आहेत, खोक्यासकट, ओळखीच्या नाहीतर अधिकृत दुकानातनं घ्या, साधा प्लग शे-दोनशेला येतो, त्यात वीस रुपये वाचवून काय मिळणार. इरिडियम घ्यावा का, असं प्रत्येकजण विचारतो. मायलेज वाढत नाही, पिकअप वाढत नाही, टिकतो मात्र साध्याच्या दुप्पट-तिप्पट. ज्याच्या गाडीत प्लग काढायला अर्धं इंजिन सोडावं लागतं त्यानं जरूर घ्यावा, तुमच्या वॅगन आरला निकेल पुष्कळ. तिन्ही एकदम बदला, एकच बदलू नका.

गॅप बघा, खोक्यातनं आलेला बरोबरच असतो असं नाही, कधी खाली पडलेला असतो. बहुतेक पेट्रोल कारचा ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या मधे असतो, तुमचा नक्की आकडा मॅन्युअलमधला धरा. निकेलला फिलर गेज चालतो, बाहेरची पट्टी हळूच वाकवून जमवायचं, मधल्या टोकाला हात नाही. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं, त्यात गेज कोंबलं तर तुटतं, ते नुसतं डोळ्यानं बघा आणि लावा.

बसवताना पहिले काही वेढे हातानंच. एक्स्टेंशन आणि सॉकेट, रॅचेट नाही. नाहीतर प्लगच्या डोक्यावर हातभर रबरी पाइप घालून फिरवा, आटा तिरका धरला तर पाइप आपोआप घसरतो, हेड वाचतं. आधी उलटं फिरवा, टक् करून खाली बसल्यासारखं कळलं की मग सुलटं. हातानं तळाला गेला की टॉर्क पाना, १४ एमएमच्या आट्याला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ एमएमच्या आट्याला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर वॉशरवाला नवा प्लग हाताच्या आवळणीनंतर अर्धा वेढा, वॉशर दबलेला हाताला कळतो, तिथं थांबा. वॉशर नसलेला उतरत्या बैठकीचा प्लग असेल तर जेमतेम एक सोळांश वेढा, त्याला अर्धा वेढा दिलात तर परत निघणार नाही. बऱ्याच खोक्यावर हे चित्रच छापलेलं असतं. आट्यांना ग्रीस, कॉपर पेस्ट काही लावू नका, आताच्या प्लगना प्लेटिंग असतं, वर ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. बुटाच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस मात्र बोटाच्या टोकाएवढं लावा, पुढच्या वेळी सहज निघतं आणि पाणी आत जात नाही.

पाण्याचं आठवलं म्हणून सांगतो, साताऱ्यात पावसाळ्यात मेढा, बामणोली, महाबळेश्वर साइडच्या गाड्या मिसिंग घेऊन येतात त्यातल्या निम्म्यांना नुसतं कॉइल काढून भोकातलं पाणी पुसून वाळवून दिलं की झालं. वॉशिंग सेंटरवाल्यानं इंजिनवर प्रेशरचं पाणी मारलं आणि दुसऱ्या दिवसापासून थरथर, तर हेच. आणि तुम्ही सांगलीचे म्हणून खास, गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती पाण्यात होती का ते बघा, कॉइलच्या आणि इंजेक्टरच्या कनेक्टरच्या पिना हिरवट पडल्या असतील तर प्लग कितीही बदला, थरथर येत-जात राहणार, आज आहे उद्या नाही. त्या पिना साफ करून, गरज असेल तर कनेक्टरच बदलून काम होतं. उंदीर हा आपल्याकडचा दुसरा प्रकार, घर शेताच्या कडेला असेल तर ऊसतोड झाली की उंदीर गाडीत येतात आणि इंजेक्टरची वायर नाहीतर व्हॅक्यूमचा पाइप कुरतडतात. बॉनेट उघडल्यावर लेंड्या दिसल्या की आधी टॉर्च घेऊन सगळे पाइप बघा.

सीएनजी लावलेली असेल तर हिशोब वेगळा. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून प्लग किंचित जरी झिजला तरी आधी सीएनजीवर थरथरतं, पेट्रोलवर ठीक असतं, आणि लोक किटवाल्याशी भांडायला जातात. आधी प्लग बघा, मग किटचा फिल्टर आणि ट्यूनिंग. आणि सीएनजीवर बरंच चाललेलं इंजिन असेल, गरम झाल्यावरच थरथरत असेल तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) मोजून घ्या, व्हॉल्व्ह बैठकीत झिजून वर सरकतो, क्लिअरन्स संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

इथेनॉलचा पण प्रश्न येतोच. ऊस आपला, इथेनॉल आपलं, आणि थरथर पण त्यानंच आली असं म्हणायची फॅशन झालीय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो त्यामुळं ई२० (२० टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोल) वर मिश्रण थोडं पातळ होतं, पण ईसीयू ते ओळखून पेट्रोल वाढवतो, निरोगी गाडी थरथरत नाही. जी गाडी आधीच कुठून तरी हवा घेत होती ती मात्र जास्त उघडी पडते. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप ई२० धरून बनवलेले नव्हते, तेव्हा तडे गेलेत का ते बघत रहा. आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

आता समजा नवे प्लग बसले, कॉइल चांगल्या निघाल्या आणि थरथर तशीच आहे, जे तुमच्या बाबतीत मला वाटतंय. मग हवा घेतेय का बघा. इंजिन चालू ठेवून साध्या पाण्याची फवारणी मॅनिफोल्डच्या (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर, पीसीव्हीच्या (इंजिनमधला गॅस परत आत ओढणाऱ्या) पाइपवर, ब्रेक सर्व्होच्या (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याच्या) पाइपवर थोडी थोडी करा, कॉइलवर नाही, जिथं फवारल्यावर आवाज बदलला तिथं गळती. कार्ब क्लीनर फवारून बघणारे पण आहेत, गरम इंजिनवर आग लागू शकते, पाण्यानं काम भागतं. ब्रेक दाबला की आयडल बदलतोय आणि ब्रेक कडक लागतोय, तर सर्व्हो किंवा त्याचा पाइप. हे सगळं नीट असेल तर थ्रॉटल बॉडी काढून साफ करा, पाकळीच्या कडेला काळा थर असतो, तो उभ्या गाडीची हवा अडवतो आणि एसीचा लोड आला की इंजिन बसायला लागतं. तुमची दोन्ही लक्षणं याच्याशी जुळतात, सकाळी थंड आणि एसी लावल्यावर. क्लीनर कपड्यावर मारून पुसा, पाकळी हातानं जोरात फिरवू नका. साफ केल्यावर एक-दोन दिवस आयडल वरखाली होऊ शकतो, ईसीयू नव्यानं शिकतो, काही गाड्यांना स्कॅनरनं रीसेट द्यावा लागतो.

एवढं करून पण एकच सिलिंडर मरत असेल तर गॅरेजला जा, पण जाताना सांगा की दोन नंबरला मिसिंग आहे, कॉइल फिरवली, प्लग नवा आहे, कॉम्प्रेशन मोजा. तिन्हीचे आकडे कागदावर लिहून मागा. दोन सारखे आणि एक बराच खाली, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजायला सांगा, आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. कॉम्प्रेशन तिन्हीकडं सारखं आलं तरच इंजेक्टर क्लीनिंगला हो म्हणा, आणि जुने प्लग पिशवीत घालून बरोबर न्या.